मुळांची शोभा आणि कोकणचा पाऊस

बोन्साय अर्थात वामनवृक्षाच्या खोडाभोवती पसरलेली उघडी मुळे ही वृक्षाच्या पक्व वयाची खूण मानली जाते. जपानी भाषेत त्यांना ‘नेबारी’ म्हणतात. अ‍ॅडेनियमसारख्या मांसल वनस्पतीत ही शोभा काही वर्षांत साधता येते. कोकणपट्टीत मात्र पावसाचे भान राखणे अगत्याचे आहे.

अ‍ॅडेनियम आफ्रिका व अरबस्तानातील कोरड्या प्रदेशांतले. पनवेलनजीकच्या बेलपाड्यात जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस पडतो. त्या ओलाव्यात ताजी कापलेली मुळे कुजतात आणि अनेक वर्षांचे श्रम वाया जातात. म्हणून मुळांची छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकावी.

बियांपासून वाढविलेले रोप निवडावे. फांदीपासून केलेल्या रोपाचा पायथा सहसा तितका फुगत नाही. सोटमूळ कापून जखम सावलीत आठवडाभर सुकू द्यावी. नंतर बाजूची मुळे सपाट फरशीच्या तुकड्यावर चहूकडे पसरून भरड, निचऱ्याच्या मिश्रणात रोप लावावे व काही दिवस पाणी देऊ नये. पुढे प्रत्येक वेळी कुंडी बदलताना रोप २-३ सेंटिमीटर वर उचलावे. पावसाळ्यात कुंडी छपराखाली ठेवावी.

या झाडाचा चीक विषारी असतो. शाळेच्या बागेत ही छाटणी विद्यार्थ्यांकडून न करविता शिक्षकांनी स्वतः, हातमोजे घालून करावी.