ताट मुलांचे, वजन आईचे



तिश्रीचे सण आटोपले. रोश हशानाच्या चिकाच्या हलव्याचे डबे धुऊन ठेवले गेले, आणि आता घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, “आता मात्र वजन कमी करायचंच!” पुढच्या महिन्यात हनुक्काची तळणी, मग पुरीमची पुरणपोळी, मग पेसाह. आपल्या पंचांगात ‘सण संपल्यावर’ असा दिवस कधी येतच नाही, हे मी पन्नास वर्षे पाहत आले आहे.

गेल्या वर्षी याच दिवसांत रात्री साडेदहाला माझ्या धाकट्या मुलीचा फोन आला. ती इथेच ईलिंगमध्ये राहते. नऊ आणि पाच वर्षांची दोन मुले, सकाळी ईलिंग ब्रॉडवेहून गाडी पकडून ऑफिस, संध्याकाळी परत आले की मुलांचे जेवण, गृहपाठ, आंघोळ, झोप.

“आई, जीपीने रक्त तपासलं. एचबीएवनसी चव्वेचाळीस आलंय.”

इथल्या मोजमापात ४२ ते ४७ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आणि ४८ पासून पुढे मधुमेह. धाकट्याच्या वेळी गरोदरपणात तिची साखर वाढली होती. बाळंतपणानंतर ती उतरली आणि आम्ही सगळेच ते विसरून गेलो. वास्तविक ज्या बाईला गरोदरपणात मधुमेह झाला, तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा कितीतरी पटीने जास्त असतो. म्हणून तिने दर वर्षी रक्त तपासून घ्यायचे असते.

मी लगेच नर्स झाले. भात कमी कर, चालायला जा, रात्री उशिरा खाऊ नकोस. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “आई, हे सगळं मला पाठ आहे गं. पण मुलं झोपली की मी सोफ्यावर कोसळते. मनच तयार होत नाही. ते कसं तयार करायचं, तेवढं सांग.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. कारण मलाही ते कधी जमले नव्हते. पेणला माझ्या आईच्या पायाचा अंगठा मधुमेहाने गेला, तो मी डोळ्यांनी पाहिला. वॉर्डात शेकडो मधुमेह्यांच्या जखमा मी बांधल्या. आणि तरी रात्रपाळी करून घरी आले की मुलांच्या बशीतल्या टोस्टच्या कडा, उरलेला भात, अर्धे अंडे उभ्याउभ्याच तोंडात टाकत होते. सेहेचाळिसाव्या वर्षी मला मधुमेह झाला. माझ्याकडे माहितीची काहीच कमतरता नव्हती.

दोरीची परीक्षा

मुलीचे वजन तेव्हा ७० किलो, उंची ५ फूट ३ इंच. “मी काही फार जाडी नाही,” असे ती म्हणाली, आणि ऑफिसातल्या इंग्रज मैत्रिणींच्या शेजारी उभी राहिली तर ते खरेही वाटेल. पण आपल्या शरीराचा हिशोब वेगळा आहे. तो हिशोब आपल्याच अंगणात, म्हणजे ईलिंग बरोमधल्या साउथॉलमध्ये, मांडला गेला. डॉ. पॉल मॅकीग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागातल्या ४० ते ६९ वर्षांच्या तीन हजारांहून अधिक लोकांची तपासणी केली. १९९१ साली निष्कर्ष छापून आला. युरोपीय लोकांत शंभरांत ४ जणांना मधुमेह, तर भारत-पाकिस्तान-बांगलादेशाकडून आलेल्यांत शंभरांत १९ जणांना. मुख्य दोष सापडला पोटाभोवती साठणाऱ्या चरबीत.

आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर स्वतःचेच उदाहरण दिले. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी आपली मापे छापली. उंचीच्या मानाने वजन म्हणजे बीएमआय दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणून या देशातही आपल्या लोकांसाठी बीएमआयच्या मर्यादा खाली आणल्या आहेत. २३ पासून जास्त वजन, २७.५ पासून स्थूलता. माझ्या मुलीचा आकडा २७.३ होता, म्हणजे दाराशीच.

वजनकाटा नसेल तर एक दोरी घ्या. डोक्यापासून टाचेपर्यंत आपल्या उंचीएवढी कापा आणि दुमडून निम्मी करा. ही निम्मी दोरी कमरेभोवती, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, पोट आत न ओढता पुरली पाहिजे. इथल्या आरोग्यखात्याचा सल्लाही हाच आहे की कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. माझ्या मुलीची निम्मी दोरी साडेएकतीस इंच होती आणि कंबर छत्तीस. दोरीची दोन टोके एकमेकांना भेटेनात, हे तिने स्वतःच पाहिले. मला काही बोलावे लागले नाही.

ड्युटी कोणाच्या हाती?

दुसऱ्या रविवारी मी तिच्या घरी गेले आणि एक दिवस नुसती बसून पाहिले. साडेसहाला मुले जेवली. तिने त्यांच्या ताटातले उरलेले मासे-भात, अर्धी पोळी, दह्याची वाटी संपवली. साडेआठला जावई आले, तेव्हा ती त्यांच्याबरोबर पुन्हा जेवली. दिवसभरात ती स्वतःसाठी असे एकदाही बसली नव्हती.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वॉर्डात नर्स कितीही थकली तरी ड्युटी दुसरीच्या हाती दिल्याशिवाय जात नाही, आणि दिली की ती मोकळी होते. आईची ड्युटी कोणी हाती घेतच नाही. मग व्यायामाचा उत्साह यायचा कुठून? ती आळशी नव्हती. तिला पाळी बदलायला माणूस नव्हते.

मी जावयांना बसवून सांगितले, “मंगळवार आणि गुरुवार, सात ते पावणेआठ, मुले तुमची.” त्यांनी हो म्हटले. ऑफिसातून त्या दोन दिवशी लवकर निघतात. खरे तर त्यांनाही आवडले, फक्त आजवर कोणी विचारले नव्हते.

मग आम्ही चार गोष्टी ठरवल्या. मुद्दामच लहान.

पहिली, मुलांच्या ताटात आधी कमी वाढायचे, हवे तर पुन्हा. जे उरेल ते तोंडात न टाकता डब्यात. अन्न टाकणे पाप हे आपल्या आयांनी शिकवले, ते खरेच आहे. पण नको असलेले अन्न पोटात टाकले तरी ते वायाच गेले ना?

दुसरी, साडेसहाला मुलांबरोबर स्वतःचेही ताट वाढून बसून जेवायचे. अर्धे ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव भागात मासे किंवा वालाचे बिरडे, पाव भागात भात किंवा पोळी. जावई आले की त्यांच्याबरोबर फक्त चहा.

तिसरी, आपलेच जेवण ठेवायचे, हात मात्र आखडता घ्यायचा. तेल बाटलीतून न ओतता चमच्याने घालायचे. एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात. माशांच्या कालवणात नारळाचे घट्ट दूध निम्मे आणि पातळ दूध जास्त. शब्बाथच्या जेवणाला मात्र मी हात लावू दिला नाही. आठवड्यातून एकदा सगळे घर एकत्र बसते, ते ताट हिशोबात धरायचे नसते.

चौथी, सकाळी शाळेतून स्टेशनपर्यंत बसऐवजी पायी. वीस मिनिटे, पाच दिवस, झाली शंभर. मंगळवारी-गुरुवारी पंचवीस-पंचवीस मिनिटे भरभर चालणे, झाली दीडशे. मोठ्या माणसाने आठवड्याला निदान एवढे चालावे असे इथले डॉक्टर सांगतात, आणि ते जिमची पायरी न चढता पुरे झाले.

शनिवारची पार्करन आपल्याला शब्बाथमुळे जमत नाही. पण चार ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी रविवारी सकाळी कितीतरी बागांत दोन किलोमीटरची ज्युनियर पार्करन असते, तीही फुकट. आईवडील मुलांबरोबर धावू शकतात. पाऊस नसेल त्या रविवारी दुपारी आम्ही सगळे गनर्सबरी पार्कला जातो. एके काळी ते रॉथशिल्ड घराण्याचे होते, १९२६ पासून सगळ्यांचे झाले. नातवंडे पुढे धावतात, आणि आजीची साखरही थोडी उतरते.

उत्साह कधी आला?

पहिले तीन आठवडे आलाच नाही. ती कुरकुरतच चालत होती. मी तिला एवढेच सांगितले, “अगं, वॉर्डात पेशंटचं तापमान घ्यायला मला कधी उत्साह लागला नाही. वेळ झाली की घेतलं आणि चार्टवर लिहिलं.” तिनेही फ्रिजवर कागद लावला. दर बुधवारी सकाळी वजन, फक्त आकडा. शेरा नाही, शिव्या नाहीत.

चौथ्या आठवड्यात तिचा फोन आला. “आई, आज पाऊस होता म्हणून बस घेतली, तर चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.” तो उत्साह होता. तो सवयीच्या मागून आला.

उन्हाळ्यापर्यंत वजन ६५ झाले आणि एचबीएवनसी ४०. कंबर चौतीस, म्हणजे दोरी अजून पुरत नाही. आणि आता सणांत एक किलो परत चढले. बुधवारी ६६ हा आकडा तिने लिहिला आणि स्टेशनला चालत गेली.

वजन परत चढले म्हणून खचणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. अमेरिकेत तीन हजारांवर लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे. त्यांतल्या एका गटाला वजन सात टक्के कमी करायचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालायचे एवढेच उद्दिष्ट दिले. सुमारे तीन वर्षांत त्या गटात मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला. हे २००२ साली छापले गेले. पुढे त्यांचे बरेचसे वजन परत चढले. तरीही दहा वर्षांनी त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमीच होते. सत्तर किलोच्या बाईला सात टक्के म्हणजे फक्त पाच किलो.

थोडी सावधगिरी

इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवण कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर स्वतःच्या मनाने डाएट करू नका. वजनाच्या इंजेक्शनांबद्दल मला पुष्कळ फोन येतात. ती डॉक्टरांनी लिहून दिलेलीच घ्यावीत, मैत्रिणीने सुचवलेली किंवा इंटरनेटवरून मागवलेली नकोत. चाळिशी ते चौऱ्याहत्तर या वयात दर पाच वर्षांनी आरोग्य तपासणीचे बोलावणे येते, ते पत्र ड्रॉवरमध्ये टाकू नका. रक्ताचा आकडा उंबरठ्यावर आला तर मधुमेह टाळण्यासाठी एनएचएसचा मोफत कार्यक्रम आहे, त्याबद्दल जीपीला विचारा.

आणि घरातल्या आजी-आजोबांनो, सासूबाईंनो, मुलींना आणि सुनांना “जाडी झालीस” असे म्हणू नका. ते तिला आरशाने आधीच सांगितले आहे. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा पाऊण तास नातवंडे सांभाळायला घ्या. माझ्या वेळी कोणी घेतली असती, तर आज कदाचित माझ्या डब्यात गोळ्या कमी असत्या.