वळवाआधी मधपेटीला जवस तेल-मेणाचा हात मारा



कांदा बियाणं, सूर्यफूल, डाळिंबासाठी ज्यांनी मधमाशीच्या पेट्या ठेवल्यात, त्यांच्यासाठी आजचा सल्ला.

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. औंध-खटाव भागात त्याचा दहावा हिस्सा पडला तरी पुष्कळ. म्हणून तिकडं पेटी पाण्यानं कुजते, आपल्याकडं ती आधी उन्हानं तडकते. फळी वाळते, सांधे उघडतात आणि मग वळवाचं पाणी त्याच भेगांतून आत शिरतं. आत ओल आली की बुरशी धरते. फट राहिली की मुंग्या आणि मेणपतंगाला वाट मिळते. वसाहत कमजोर झाली तर पेटी सोडूनही जाते.

*हे अजिबात लावू नका* ❌
- वाळवीचं औषध (क्लोरपायरीफॉस वगैरे): मधमाशीला ते जहर आहे.
- गाडीचं जळकं ऑईल, डांबर, रॉकेल: मेण असले तेलकट पदार्थ शोषून धरतं. वास आणि अंश मधापर्यंत जातो, मग असा मध घेणार कोण?
- शेंगतेल: ते वाळत नाही. चिकट राहतं, खवट होतं, मुंग्या बोलावतं.

*काय लावायचं* ✅
घाण्याचं कच्चं जवसाचं (अळशीचं) तेल १ लिटर आणि मधमाशीचं शुद्ध मेण ५० ग्रॅम. जवसाचं तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन लाकडात बसतं, मेण पाणी अडवतं. दुकानात मिळणारं 'डबल बॉईल्ड' तेल लवकर वाळतं, पण ते वाळवण्यासाठी त्यात बहुधा धातूची रसायनं घातलेली असतात. मधाच्या पेटीला कच्चंच बरं. एका पेटीला तीन हातांत साधारण पाव लिटर लागतं.

*कसं करायचं*
१) पेटी रिकामी आणि खडखडीत वाळलेली हवी. माश्या असतील तर संध्याकाळी चौकटी दुसऱ्या पेटीत हलवा आणि ती पेटी त्याच जागी, त्याच तोंडानं ठेवा.
२) बाहेरून पॉलिश पेपर मारून धूळ पुसा.
३) मोठ्या पातेल्यात पाणी तापवा, त्यात तेलाचं भांडं ठेवून मेण विरघळवा. मेण ६२ ते ६४ अंशाला वितळतं. तेलाचं भांडं थेट आचेवर ठेवू नका.
४) कोमट असतानाच ब्रशनं पातळ हात मारा. फळीची कापलेली टोकं आणि सांधे जास्त पाणी पितात, तिथं दोनदा फिरवा. अर्ध्या तासानं वर राहिलेलं तेल पुसून काढा.
५) दोन-तीन दिवसांच्या अंतरानं असे तीन हात. नंतर दोन आठवडे हवेशीर जागी ठेवा. हाताला चिकटत नाही आणि उग्र वास गेला, की पेटी वापरायला तयार.
६) तेल वाळल्यावर बारीक भेगा मेणानं बुजवा. मोठी फट असेल तर सुताराकडून पट्टी मारून घ्या.

*⚠️ चिंध्यांची काळजी घ्या*
जवस तेल वाळताना गरम होतं. तेलानं भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेटू शकतो. गोठा, कडब्याची गंजी जवळ असेल तर विचार करा. चिंध्या पाण्यात बुडवा, नाहीतर उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

*आतून काही नको*
पेटीची आतली बाजू आणि चौकटी कोऱ्याच ठेवा. मेलिफेरा माशी झाडाचा डिंक-राळ आणून आतून स्वतःच लिंपते. सातेरी ती जवळजवळ आणत नाही, म्हणून सातेरीच्या पेटीत आतून शुद्ध मेणाचा तुकडा हलका घासला तरी पुरे.

*तेल एकटं पुरत नाही*
छपराला वरून पत्रा ठोका. पेटी फूट-दीड फूट उंच स्टँडवर, तोंडाकडं किंचित उतार देऊन ठेवा. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, म्हणजे मुंगी आणि वाळवी दोन्ही अडतात, औषधाची गरजच उरत नाही. दुपारनंतरचं ऊन अडेल अशी झाडाची सावली बघा.

*परीक्षा सोपी*
दरवर्षी एप्रिलमध्ये पेटीवर पाणी शिंपडा. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर काम नाही. मुरले तर पुन्हा एक हात मारा.

मधपाळीचं रीतसर प्रशिक्षण हवं असेल तर पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वरचं मध संचालनालय, दोन्ही आपल्याला जवळ आहेत. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' ठरलं, तेही आपल्याच जिल्ह्यात.

काही अडलं तर याच नंबरवर पेटीचा फोटो आणि व्हॉइस मेसेज टाका. गावातल्या मधपाळांना हा मेसेज पुढं पाठवा.