अन्यायाने दिलेला परवाना

ज्या कथेत कोणीच धुतल्या तांदळासारखा नसतो, तिच्याविषयी एक जुनी तक्रार आहे: सगळेच काळे म्हटले की जाब कोणाला विचारायचा? आर. एफ. क्वांग या चिनी-अमेरिकन लेखिकेची ‘द पॉपी वॉर’ ही कादंबरीत्रयी (२०१८ ते २०२०) या तक्रारीला चांगले उत्तर देते. वयाच्या १९व्या वर्षी लिहायला घेतलेल्या या कथेत देव आहेत, मंत्रशक्ती आहे, युद्धविद्येची शाळा आहे. पण क्वांग यांचा खरा विषय वेगळाच आहे. खऱ्याखुऱ्या अन्यायातून सत्तेचा परवाना कसा तयार होतो, हे त्या दाखवतात.

नायिका रिन अनाथ, सावळी, दक्षिणेतल्या गरीब प्रांतातली. सांभाळणारे अफूचा धंदा करतात आणि तिला एका वयस्क माणसाच्या गळ्यात बांधायला निघालेले असतात. सुटकेचा एकच रस्ता म्हणजे देशव्यापी परीक्षा. झोप येऊ नये म्हणून ती मेणबत्तीचे जळते मेण हातावर ओतून घेत अभ्यास करते. युद्धविद्येच्या शाळेत प्रवेश मिळाल्यावर पाळी शिक्षणाच्या आड येते, तर ती औषध पिऊन गर्भाशयच कायमचे निकामी करून घेते. वाचक हळहळतो, पण तिच्याच बाजूने राहतो. ध्येयासाठी स्वतःला जाळणारी माणसे आपल्याला आवडतातच. हीच मुलगी पुढे दुसऱ्यांना जाळायला निघेल, याची तयारी लेखिकेने इथेच करून ठेवलेली असते.

मग युद्ध पेटते आणि शत्रूची फौज रिनच्या देशातल्या गोलिन नीस शहरात शिरते. जपानी सैन्याने डिसेंबर १९३७पासून नानजिंगमध्ये केलेल्या हत्याकांडावर हा भाग उघडपणे बेतलेला आहे. पाठोपाठ रिन अग्निदेवतेला शरण जाते आणि शत्रूचे बेट सैनिकांसह, लेकराबाळांसह भस्म करते. या क्रमात सगळी मेख आहे. कत्तलीची वर्णने वाचून पेटलेला वाचक सूडाची वाटच पाहत असतो आणि तो हातात पडतो तेव्हा त्याचा आकार बघून हादरतो. रिनचा मित्र किताय ती कत्तल भोगून जिवंत राहिलेला असतो. सूड मागायचा सर्वांत मोठा अधिकार त्याचा. तोच तिला सांगतो की तिकडेही माणसेच होती. म्हणजे योग्य-अयोग्याची रेघ कादंबरीने पुसलेली नाही. ती ओढायचे काम पीडितांतल्याच एकावर सोपवले आहे.

नानजिंगच्या मृतांना देव-दैत्यांच्या गोष्टीत ओढणे हलकेपणाचे नाही का, हा आक्षेप गंभीर आहे. पण गोलिन नीसमध्ये जादू कुठेच नाही. तिथले क्रौर्य साध्या शिपायांच्या साध्या हातांनी घडते. जादू येते ती सूडाच्या वेळी, म्हणजे कल्पिताचा सगळा भार आपल्या लाडक्या नायिकेच्या गुन्ह्यावर पडतो. आक्रमक आणि पीडित यांना एका मापाने मोजले, हा आरोपही टिकत नाही, कारण आक्रमणाला पुस्तक कुठेही माफी देत नाही. एक उणीव मात्र मान्य करावी लागते. शत्रूच्या बाजूची माणसे पहिल्या खंडात जवळजवळ बिनचेहऱ्याची आहेत, त्यामुळे रिनचा आंधळेपणा कधीकधी लेखिकेचाच वाटू लागतो.

रिनचा प्रवास माओ झेडाँगच्या जीवनावरून सुचल्याचे क्वांग यांनी सांगितले आहे, आणि तिसरा खंड त्याच दिशेने जातो. रिन जिंकते, पण देश उपाशी असतो. आगीने फौजा जळतात, शेते पिकत नाहीत, आणि धान्य हवे तर परक्या महासत्तेपुढे हात पसरावा लागतो. जाळण्याची ताकद म्हणजेच राज्य करण्याची लायकी, हा तिचा हिशेब इथे कोसळतो.

‘बेबल’ (२०२२) या पुढच्या कादंबरीत क्वांग पहिल्या अफूयुद्धाकडे वळल्या. त्या युद्धामागच्या अफूच्या व्यापारातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती आणि तिच्यावर इथल्या व्यापाऱ्यांनीही मोठ्या दौलती उभारल्या. साम्राज्याने आपल्याला लुटले हे खरे, त्या लुटीत आपल्यातल्या काहींचा वाटा होता हेही तितकेच खरे. रिनची गोष्ट वाचलेल्या वाचकाला ही दोन वाक्ये एका दमात म्हणता यायला हवीत. भोगलेल्या अन्यायाची भरपाई मागता येते, पण त्याच्या जोरावर स्वतःला हिशेबातून वगळता येत नाही.