‘गोमा’ : सुरत परिसरातील आफ्रिकी वारसा

सुरतेजवळील सचिन संस्थान १७९१ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील वारसास मिळाले. मात्र आफ्रिकी परंपरा जपली ती सामान्य सिद्दी कुटुंबांनी. शेजारच्या भरूच जिल्ह्यात रतनपूर येथे बावा गोर यांचा दर्गा आहे. तेथील उरुसात आबालवृद्ध एकत्र येतात. हिंदू व पारशी भाविकही या दर्ग्यास मानतात. सिद्दींच्या धमाल नृत्यास ‘गोमा’ असेही म्हणतात. अभ्यासकांच्या मते हा शब्द स्वाहिलीतील ‘न्गोमा’ म्हणजे ढोल वा नृत्य यावरून आला. मलुंगा हे त्यांचे एकतारी धनुष्यवाद्यही आफ्रिकी वळणाचे आहे. बोलीभाषा गुजराती झाली, तरी शब्द व वाद्ये टिकली. म्हणून या नृत्याकडे केवळ करमणूक म्हणून न पाहता इतिहासाचे साधन म्हणून ते वर्गात शिकवले पाहिजे.