राब हवा, पण ओहोळही हवा

पौष पौर्णिमेला म्हसा यात्रेत बैलबाजारात उभा होतो. शहापूरकडचा एक ओळखीचा शेतकरी बैलाचे दात पाहता पाहता म्हणाला, "साहेब, रान जनावरांसाठी राखलंय. मग आम्ही राबाला पालापाचोळा कुठून आणायचा?" प्रश्न रास्त होता. उभ्या उभ्या उत्तर देण्याजोगा नव्हता, म्हणून येथे लिहितो.

तानसा अभयारण्य 1970 साली जाहीर झाले. शहापूर, वाडा, मोखाडा भागांत पसरलेल्या या रानात तानसा तलाव आहे. 1892 साली बांधून झालेल्या या धरणाचे पाणी मुंबईला जाते. भोवतालचे रान उतारावरची माती धरून ठेवते. ओहोळाकाठची उंबर, जांभूळ, करंज ही झाडे मुळांनी काठ बांधतात. ती तुटली की पहिल्याच पावसात काठ ढासळतो आणि गाळ खाली तुमच्या खाचरात येतो. 1884 नंतर 113 वर्षे न दिसलेला रानपिंगळा 1997 साली शहाद्याजवळ सापडला आणि 2014 साली तानसाच्या रानातही दिसला.

आता राबाकडे वळू. ऐनाच्या फांद्या, गवत, शेण पसरून भाजले की तणाचे बी मरते, राख मिळते, रोप जोमदार येते. वाडवडिलांची ही रीत अडाणीपणाची नव्हे. ठाणे जिल्ह्यात राबासाठी फांद्या तोडण्यावरून इंग्रजी अमलातही मोठा वाद झाला आणि 1885 साली वन आयोग नेमावा लागला. नोकरीच्या सुरुवातीला मीही "राब सोडा" एवढेच सांगत असे, दुसरी वाट दाखवत नसे. लोकांनी ऐकले नाही, त्यात त्यांची चूक नव्हती.

वाट अशी आहे. एक मीटर रुंदीचा गादीवाफा करा. भाताच्या तुसाची काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मातीत मिसळा. चांगले कुजलेले शेणखत घाला, बी ओळीत पेरा. तण थोडे जास्त येईल, ते वेळीच काढा. बांधावर पावसाळ्याच्या तोंडाला गिरिपुष्पाच्या काड्या लावा. पुढे त्याचा पाला चिखलणीच्या वेळी खाचरात गाडता येईल.

यंदा सगळा राब बंद करू नका. एका गुंठ्यावर करून पाहा, शेजारी जुना राब ठेवा आणि घरच्या माणसांसह दोन्ही रोपे उपटून तोलून बघा. पटले तर पुढच्या वर्षी वाढवा. ओहोळाकाठच्या झाडाला मात्र आजपासूनच कोयता लावू नका.