धर्मापुरीच्या सुरसुंदरी आणि फोटोतला उजेड

फोटोत माणूस ताठ आणि चपटा का दिसतो? उत्तर आपल्याच बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीला आहे. तिथल्या चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरींची शिल्पं आहेत. ती नीट बघा.

१) उभं राहणं : मान, कंबर आणि गुडघा अशा ३ ठिकाणी बाक आला, की त्याला त्रिभंग म्हणतात. भार एका पायावर दिला, की दुसरा गुडघा सैल पडतो, कंबर झुकते आणि शरीराला डौल येतो. मॉडेललाही असंच उभं करतात.

२) उजेड : तिरपं ऊन भिंतीला घासून जातं, तेव्हा मूर्तीची एक बाजू उजळते, दुसरीकडे सावली पडते आणि गोलाई उठून दिसते. मोबाईलचा फ्लॅश समोरून पडला, की ही सावलीच पुसली जाते. म्हणून माणसाला खिडकीशेजारी बसवा, उजेड बाजूने येऊ द्या. सावली फार गडद वाटली, तर त्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरा.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. मूर्ती ‘नको’ म्हणत नाही, माणूस म्हणू शकतो. आधी विचारा, काढलेला फोटो दाखवा आणि तिने ‘नको’ म्हटलं, तर तिथंच डिलीट करा.