हिमक्रीडांची ओळख (लेखांक ५) : स्लालम

गेल्या आठवड्यात डाउनहिल पाहिली. तिथला ताशी शंभर किलोमीटरपलीकडचा वेग पाहिल्यावर स्लालम सौम्य वाटेल. पण स्कीइंगमधली सर्वांत निर्दय शर्यत मला हीच वाटते.

आजची स्लालम रुजली स्वित्झर्लंडमधल्या म्यूरेन गावात. १९२२ मध्ये आर्नोल्ड लन या इंग्रज माणसाने तिथे उतारावर खांब रोवून शर्यत लावली आणि निकाल घड्याळावर सोपवला. तोवर वळणांच्या देखणेपणालाही गुण असत. लनचा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. त्यामुळे वाद मिटला, उरला फक्त वेळ.

पुरुषांच्या शर्यतीत साधारण दोनशे मीटर उंचीच्या उतारावर लाल-निळ्या खांबांची साठ-सत्तर गेट्स असतात आणि ती मिनिटभरात, बहुधा त्याहूनही लवकर, पार होतात. म्हणजे सेकंदाला एकाहून जास्त वळण! वेळ वाचवायचा तर खांबाच्या अगदी जवळून जायला हवे. खो-खोत खांब धरून वळतात, इथे तो अंगावर घेतात. पाय खांबाच्या बाहेरून जातात, धड आतून, आणि नडगीवरच्या कडक कवचाचा फटका बसून खांब बर्फावर आडवा होतो. बुडाशी बिजागरी असलेले असे खांब १९८० च्या दशकात आले आणि वळण्याची तऱ्हाच पालटली.

मात्र दोन्ही स्कींची टोके आणि दोन्ही पावले खांबाच्या योग्य बाजूनेच गेली पाहिजेत. एक टोक जरी आतून गेले, तरी खेळाडू बाद. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची मिकाएला शिफ्रिन सुरुवातीच्या काही गेट्समध्येच घसरून बाहेर गेली आणि कडेला बर्फात बसून राहिली. त्याच स्पर्धेत गुलमर्गच्या आरिफ खानलाही स्लालम पूर्ण करता आली नाही.

शर्यत दोन फेऱ्यांची. दुसऱ्या फेरीला खांब नव्याने रोवतात. खेळाडूंना मार्ग कडेने हळूहळू उतरत बघता येतो, त्यावरून सराव मात्र करता येत नाही. म्हणून वर डोळे मिटून, हात हलवत वळणे घोकणारे खेळाडू दिसतात. पहिल्या फेरीतले पहिले तीस जण दुसऱ्या फेरीत उलट्या क्रमाने सुटतात. आघाडीवीर शेवटी, तोवर चऱ्या पडून खराब झालेल्या बर्फावर. दोन्ही वेळांची बेरीज म्हणजे निकाल. त्यामुळे पहिल्या फेरीची आघाडी फार भरवशाची नसते. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये पहिल्या फेरीअखेर चौथा असलेला स्वीडनचा इंगेमार स्टेनमार्क सुवर्णपदक घेऊन गेला. २०२२ मध्ये फ्रान्सचा क्लेमाँ नोएल तर सहाव्या क्रमांकावरून वर आला.

स्लालम पाहायची झाली, तर दुसऱ्या फेरीचे शेवटचे दहा खेळाडू चुकवू नका. पुढच्या लेखांकात जायंट स्लालम.